ग्रेट सर्कल मॅपर वापरून बघितली: कोल्हापूर ते सॅन फ्रान्सिस्को अंतर किती आणि खरे तास किती

ज्यांच्या घरातलं कोणी ना कोणी अमेरिकेत नाहीतर ऑस्ट्रेलियात आहे आणि आता आई-बाबांना तिकडं पाठवायचंय, अशा सगळ्या कोल्हापूरकरांसाठी हा रिव्ह्यू लिहितेय. ग्रेट सर्कल मॅपर नावाची एक जुनी वेबसाइट आहे, फुकट आहे, अ‍ॅप टाकावं लागत नाही, नुसती उघडायची आणि दोन विमानतळांचे कोड टाकले की नकाशावर रेघ आणि शेजारी अंतर. दिसायला अगदी साधी आहे, आजकालच्या चकचकीत साइट्सच्या पुढं कुणी बघणार पण नाही, पण अंतर म्हणाल तर माझा तिच्यावर शंभर टक्के भरवसा आहे. आमच्या घरात आणि गल्लीत कुणाचं परदेशाचं तिकीट काढायचं झालं की माझ्याकडंच येतात, त्यामुळं ही साइट माझ्या रोजच्या वापरातली आहे असं म्हटलं तरी चालेल.

वापरायची कशी ते आधी सांगते. प्रत्येक विमानतळाला तीन अक्षरी कोड असतो, आपल्या कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाचा केएलएच, मुंबईचा बीओएम, बेंगळुरूचा बीएलआर, दुबईचा डीएक्सबी, सॅन फ्रान्सिस्कोचा एसएफओ. मधे नुसती आडवी रेघ देऊन ओळीनं लिहायचे, म्हणजे बीओएम-डीएक्सबी-एसएफओ, आणि बटण दाबायचं. दोन टप्पे वेगळे दाखवते, खाली बेरीज दाखवते. स्वल्पविराम देऊन दुसरा रूट लिहिला तर दोन्ही रेघा एकाच नकाशावर येतात, हे मला लय आवडतंय कारण घरातल्यांना समजावताना मोबाइल पुढं धरला की झालं, जास्त बोलावं लागत नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, सुरुवातीला अंतर मैलात येतंय, किलोमीटर आपण निवडायचं. आणि तिथं नॉटिकल मैल पण असतात, ते १.८५२ किलोमीटरचे, साधा मैल १.६०९ चा, तेव्हा आकडा कुणाला पाठवायच्या आधी कशात आहे ते बघून घ्या, नाहीतर हजार-दीड हजाराचा फरक पडतो आणि मग घरात वाद.

आता आकडे. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को सरळ मोजलं तर साधारण १३,५०० किलोमीटर. दुबईवरनं गेलं तर १४,९५० च्या आसपास, फ्रँकफर्टवरनं १५,७००, सिंगापूरवरनं १७,५००. म्हणजे दुबईचा वळसा दीड हजारानं वाढतो आणि सिंगापूरचा चार हजारानं. चार हजार किलोमीटर म्हणजे विमानाचे जवळजवळ पाच तास. परवा एका ओळखीच्या मावशींना सिंगापूरवरनं तिकीट सुचवलं होतं, थोडं स्वस्त म्हणून. मी त्यांना तीन रेघा काढून दाखवल्या, त्यांनी स्वतःच ठरवलं की गुडघे दुखत असताना पाच तास जादा बसायचं नाही, वरचे पैसे देऊ. असा निर्णय आकडा समोर असल्याशिवाय होत नाही, नुसतं तिकिटाची किंमत बघून तर अजिबात नाही.

नकाशावरची रेघ वाकडी का दिसते हे मला सगळेच विचारतात. शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशात मुंबईतनं अमेरिकेला आडवी रेघ मारली तर ती अटलांटिकवरनं जाते, पण पृथ्वी गोल आहे ना, त्यामुळं सगळ्यात जवळचा रस्ता वर उत्तरेकडनं जातो. घरात पोरांचा पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या, एक टोक मुंबईवर आणि दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर धरून ताणा. दोरा सरळ हिमालय, चीन, सायबेरिया करत आर्क्टिक समुद्रात ७७ अंश उत्तरेपर्यंत चढतो आणि तिथनं अलास्काच्या बाजूनं खाली उतरतो. ही साइट तेच गणित करते, आणि ग्रेट सर्कल हे नाव पण त्याच रेघेचं आहे. नकाशाचा प्रकार बदलून गोलासारखा पण करता येतो, लहान मुलांना तसा दाखवा. कुणीतरी म्हणालं विमान एवढं उंचावर उडतं तर अंतर वाढत असणार की, तर ११ किलोमीटर उंचीनं या सगळ्या प्रवासात जेमतेम २३-२४ किलोमीटर वाढतात, म्हणजे कोल्हापूर ते कागलपेक्षा थोडेसेच जास्त.

पण ही रेघ म्हणजे विमानाचा खरा रस्ता नव्हे, हे डोक्यात पक्कं ठेवायला पाहिजे. हिमालय आणि तिबेटच्या पठारावरनं लांबपर्यंत उडायचं विमानं शक्यतो टाळतात. कारण असं की वर केबिनमधला हवेचा दाब गेला तर पायलटला विमान झटकन साधारण १०,००० फुटांपर्यंत खाली आणावं लागतं, वरनं पडणाऱ्या त्या पिवळ्या मास्कमधला ऑक्सिजन थोडीच मिनिटं पुरतो, आणि तिबेटमध्ये जमीनच त्याच्यापेक्षा उंच आहे, मग उतरायचं कुठं. शिवाय कुठल्या देशाची हवाई हद्द कधी बंद असेल ते सांगता येत नाही. २०१९ च्या फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत पाकिस्तानची बंद होती, २०२५ च्या एप्रिलमध्ये परत आपल्या विमानांसाठी बंद केली. त्याचा सगळ्यात जास्त ताण दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या फ्लाइट्सवर येतो. हे कुठल्याच अंतराच्या साइटवर दिसणार नाही आणि दिसावं अशी अपेक्षा पण नाही, रेघ ही रेघ असते.

आता ज्याच्यासाठी एवढं लिहायला बसले ते. गुगलवर दोन शहरांमधलं अंतर टाकलं की दुसऱ्या पण ढीगभर साइट्स येतात, त्यात अंतराच्या खाली ठळक अक्षरात फ्लाइट टाइम लिहिलेला असतो. कोल्हापूर ते सॅन फ्रान्सिस्को टाका, १३,७०० किलोमीटर आणि साडेसतरा तास. ते साडेसतरा कुठनं आले, तर अंतराला ताशी ८०० किलोमीटरनं भागलं आणि वर अर्धा तास चढणं-उतरणं धरलं, बास. कोल्हापुरातनं अमेरिकेला असं विमानच नाही! उजळाईवाडीला नवं टर्मिनल २०२४ च्या मार्चमध्ये झालं, छान झालंय, हैदराबाद-बेंगळुरूला जाऊन येता येतं, पण तिथनं सॅन फ्रान्सिस्कोला रेघ ओढून तास सांगणं म्हणजे साठी-सत्तरीच्या माणसांची फसवणूक आहे असं मला मनापासून वाटतंय. कारण तो आकडा ते खरा धरतात. एका एजंटानं पण आमच्या काकूंना असंच सांगितलं होतं की सतरा-अठरा तासात पोचताय, आणि काकू त्या हिशोबानं गोळ्या आणि इन्सुलिन पर्समध्ये भरून बसलेल्या, बाकीचं सगळं मोठ्या बॅगेत.

मग मी कागद घेऊन घराच्या दारापासनं मोजायला बसले. आधी कोल्हापूर ते मुंबई बघा. ग्रेट सर्कल मॅपरवर केएलएच-बीओएम टाकलं की ३१० किलोमीटर येतात. रस्त्यानं ते ३८० च्या आसपास होतात. आणि महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मिरज, पुण्यावरनं ५१८ किलोमीटर. एकच दोन गावं, तीन अंतरं! हवेतनं तास-सव्वा तासाचं काम, गाडीनं आठ तास, रेल्वेनं अख्खी रात्र. आणि मुंबईची परदेशी विमानं बरीचशी मध्यरात्री नाहीतर पहाटे सुटतात, महालक्ष्मी पोचते सकाळी, म्हणजे रेल्वेनं गेलात तर पूर्ण दिवस मुंबईत कुणाच्या तरी घरी काढायचा. ज्यांचं कोण ठाण्या-दादरला आहे त्यांना हे बरं पडतं, उलट आदल्या दिवशी आराम होतो, पण नसेल कोण तर गाडीच. विमानानं मुंबईला जायचं तर वेळ जुळते का ते आधी बघा, उजळाईवाडीचं वेळापत्रक सीझनप्रमाणं बदलत असतंय आणि दोन वेगळी तिकिटं असतील तर पहिलं लेट झाल्यावर दुसऱ्याची जबाबदारी कुणी घेत नाही.

गाडीचं म्हणाल तर तावडे हॉटेलवरनं हायवेला लागल्यापासनं कऱ्हाड-सातारा पट्ट्यात रस्त्याची कामं, खंबाटकी, मग पुण्याची वेस, पुढं एक्स्प्रेस वे आणि घाट, आणि शेवटी मुंबईत शिरल्यावर अंधेरीपर्यंतचं ट्रॅफिक. आठ तास म्हणतात, पण वयस्कर माणसं बरोबर असताना मधे तीनदा थांबायला लागतं, जेवण होतं, मी कायम दहा धरते. नवी मुंबईचं विमानतळ २०२५ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालंय, आपल्या बाजूनं येणाऱ्यांना ते जवळ पडतं, तिकिटावर मुंबई लिहिलेलं असलं तरी नक्की कुठलं विमानतळ आहे ते आता नीट वाचा.

तर हिशोब असा लागला. समजा पहाटे साडेचारचं मुंबई-दुबई आणि पुढं दुबई-सॅन फ्रान्सिस्को. साडेतीन तास आधी विमानतळावर म्हणजे रात्री एकला. दहा तास गाडीचे आणि तासभर हाताशी, म्हणजे आदल्या दिवशी दुपारी दोनला घरातनं निघायचं. मुंबई ते दुबई सव्वातीन तास, तिथं पावणेतीन तास, मग दुबई ते सॅन फ्रान्सिस्को १६ तास. उतरल्यावर इमिग्रेशनची लाइन, बॅगा, दीड तास. काकूंचा मुलगा सॅन होजेला राहतो, तिथपर्यंत गाडीनं एक तास. सगळी बेरीज ३९ तास. साइट म्हणतेय साडेसतरा.

घड्याळाचा घोळ त्याहून मोठा. तिकिटावर सुटायची वेळ पहाटे साडेचार रविवार आणि पोचायची वेळ दुपारी दोन, रविवारच. काका म्हणाले साडेनऊ तासात अमेरिका? नाही काका, दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. उन्हाळ्यात कॅलिफोर्निया आपल्या साडेबारा तास मागं असतं, हिवाळ्यात साडेतेरा. साडेनऊ अधिक साडेबारा, झाले २२ तास. आणि घरापासनं घरापर्यंत धरलं तर शनिवारी दुपारी दोनला निघालेली माणसं आपल्या घड्याळानं सोमवारी पहाटे पाचला सॅन होजेच्या घरात शिरतात, तिथल्या घड्याळात मात्र अजून रविवारचे दुपारचे साडेचार. येताना उलटं, अख्खा एक दिवस कुठं गेला ते कळत नाही.

हाच कागद मी काकूंच्या डॉक्टरांकडं नेला. एका बाजूला आपलं घड्याळ, दुसऱ्या बाजूला तिथलं, मधे कुठं जेवण मिळणार, कुठं बसून राहायचं, कुठं चालायचं. डॉक्टरांनी त्याच्यावरच पेननं लिहून दिलं की इन्सुलिन कधी किती, कुठल्या जेवणाबरोबर, कुठं फक्त शुगर बघायची. नुसतं तिकीट दाखवून त्यांना हे लिहिता आलं नसतं. तुमच्या घरातल्या माणसाला शुगर, बीपी, थायरॉइड काही असेल तर असाच कागद करा, आणि औषधं, प्रिस्क्रिप्शन हातातल्या बॅगेतच ठेवा, चार दिवस जादाची. इन्सुलिन तर मोठ्या बॅगेत टाकायचंच नाही. आणि १६ तासांच्या टप्प्यात दर दीड-दोन तासांनी उठून चार पावलं चालायला सांगा, कितीही झोप येऊ दे.

वाऱ्याचं पण सांगायला पाहिजे कारण जाताना आणि येताना वेळ वेगळी का असते हे खूप जण विचारतात. वर ३०-४० हजार फुटांवर पश्चिमेकडनं पूर्वेकडं जोराचा वारा वाहतो, जेट स्ट्रीम म्हणतात त्याला, हिवाळ्यात अजून जोर. त्याच्याबरोबर गेलं की विमान लवकर पोचतं, अंगावर घेतलं की उशीर. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये एअर इंडियानं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को फ्लाइट अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरनं नेली. अंतर झालं १५,३०० किलोमीटर, आधीच्या रस्त्यापेक्षा १,४०० नं जास्त, आणि तरी पोचली साडेचौदा तासात, म्हणजे आधीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर! लांबचा रस्ता, कमी वेळ. म्हणून मी म्हणते की अंतरावरनं तास काढणाऱ्या साइटवर विसंबू नका, अंतर आणि वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेंगळुरू-सॅन फ्रान्सिस्कोचं पण तसंच, २०२१ च्या जानेवारीत ती पहिल्यांदा उडाली, कॅप्टन झोया अगरवाल आणि कॉकपिटमध्ये सगळ्या बायका, उत्तर ध्रुवावरनं आणली त्यांनी. साइटवर बीएलआर-एसएफओ टाकलं तर १४,००० किलोमीटर येतात, तेवढ्याला सतरा तासांच्या आसपास लागले. आमच्या पोरीला मी ती रेघ गोलावर काढून दाखवली, तिनं वहीत उतरवून घेतली. अशा थेट फ्लाइट्स चालू-बंद होत असतात, तेव्हा बुक करायच्या वेळी काय आहे ते बघा, नुसतं कुणी सांगितलं म्हणून धरून चालू नका.

मग खरी वेळ कुठं बघायची? त्यासाठी फ्लाइटरडार२४ नाहीतर फ्लाइटअवेअर. तिकिटावरचा फ्लाइट नंबर टाकायचा, मागच्या काही दिवसांत ती खरोखर कधी सुटली, कधी उतरली, कुठनं गेली, सगळं दिसतं. दोन-चार दिवसांचे आकडे बघितले की अंदाज येतो. माझी पद्धत अशी की कुठला रूट घ्यायचा ते ग्रेट सर्कल मॅपरवर, तास किती ते फ्लाइटरडारवर, आणि घर ते विमानतळ आपल्या अनुभवावर. तिन्ही एका कागदावर.

थोडं अवांतर. एअर इंडियाची पहिली परदेशी फ्लाइट ८ जून १९४८ ला मुंबईहून लंडनला गेली, कैरो आणि जिनिव्हा करत, विमानाचं नाव मलबार प्रिन्सेस. तो रूट साइटवर टाकून बघा, बीओएम-सीएआय-जीव्हीए-एलएचआर. ७,९०० च्या घरात येतो, सरळ मुंबई-लंडन ७,२००. सातशे किलोमीटरचा वळसा फक्त, पण त्या काळच्या विमानांना मधे उतरून पेट्रोल घ्यायलाच लागायचं. आणि आज सिंगापूर ते न्यूयॉर्क १५,३४९ किलोमीटर मधे कुठंही न थांबता, अठरा तासांवर हवेत. अशा रेघा काढत बसलं की रात्री बारा कधी वाजतात कळत नाही.

कमी काय आहे ते पण सांगते. सगळं इंग्रजीत आहे. कोड माहीत नसेल तर आधी शोधायला लागतात, आणि मोबाइलवर अक्षरं बारीक दिसतात, कॉम्प्युटरवर जास्त सोयीचं. घरच्या वयस्कर माणसांना स्वतः वापरता येईल अशी ती नाही, कुणीतरी शेजारी बसून दाखवायला लागतं. अंतरासाठी पाचपैकी पाच देते, सोपेपणासाठी तीन. बाकी त्या अंतर-वेळ सांगणाऱ्या साइट्सना वेळेसाठी एकच देईन, तो पण अंतर बरोबर सांगतात म्हणून.

माझी खरी इच्छा अशी आहे की आपल्या शिवाजी विद्यापीठातल्या नाहीतर इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांनी याचं मराठी काहीतरी करावं. गावाचं नाव देवनागरीत टाकायचं, गगनबावडा टाका नाहीतर गडहिंग्लज टाका, तिथनं स्टँडपर्यंतची एसटी, पुढं रेल्वे नाहीतर गाडी, विमानतळावरचे तीन तास, मधला थांबा, तिथली उतरल्यावरची लाइन, सगळं धरून दारापासनं दारापर्यंतचे तास सांगायचे, आणि बाजूला दोन घड्याळं, इथलं आणि तिथलं, प्रिंट काढून डॉक्टरांना देता येईल असं. अवघड काही नाही त्यात, आकडे सगळे आहेतच. कुणी करायला घेतलं तर मला नक्की सांगा, कागदावर केलेले माझे सगळे हिशोब मी द्यायला तयार आहे, आणि टेस्टिंगला आमची अख्खी गल्ली आहे.